सनाचा पत्ता

मी प्रवासाला निघाले की घरचे माझी काळजी करत नाहीत, माझ्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्याची करतात. एकतीस वर्षं शाळेत बोलून बोलून तोंडाला लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मे महिन्याच्या शेवटी दापोलीहून निघाले, पुण्यात गाडी बदलली आणि बारामतीला उतरले, तोवर शेजारच्या बाईंना माझ्या दोन्ही गुडघ्यांचा इतिहास, सुनेचा स्वभाव आणि मी कुठे, कोणाकडे, कशासाठी चालले आहे हे सगळं तोंडपाठ झालं होतं. यातलं शेवटचं सांगायला नको होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कशासाठी, ते तुम्हालाही सांगते. नसीमा माझी डी.एड.च्या वेळची मैत्रीण. वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. मी मास्तरीण झाले आणि तिने लग्नानंतर बारामतीच्या कडेला, जळोचीत, शिवणकामाचं दुकान टाकलं. तिची धाकटी लेक सना वीस वर्षांची आहे, बी.ए. करते. सुट्टी लागली की ही पोरगी मैत्रिणींना घेऊन इंदापूर तालुक्यातली गावं फिरते. दहावी झाल्यावर ज्या मुलींचं दप्तर घरचे माळ्यावर टाकतात, त्यांच्या आईबापांशी बोलायचं, अकरावीचा अर्ज भरून द्यायचा, एसटीच्या पासापर्यंत सगळं मार्गी लावायचं, असं त्यांचं काम.

एप्रिलमध्ये काजल नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न सनामुळे थांबलं. लग्न ठरवलं होतं चुलत्याने. आईबाप आधी त्याच्या धाकात होते, सनाने त्यांना धीर दिला. चुलत्याने भर रस्त्यात सनाची स्कूटी आडवी पाडली आणि काठीने तिचं मनगट मोडलं. तक्रार झाली, अटक झाली, जामीनही झाला, आणि गडी परत मोकळा. हे फोनवर ऐकलं तेव्हा मी नसीमाला म्हटलं, "पोरीला माझ्याकडे पाठवून दे. समुद्र बघेल, मासे खाईल, सुरक्षित राहील."

"तूच ये आन् सांग तिला," नसीमा म्हणाली. "माझं कुठं ऐकतीय ती."

म्हणून मी सनाला न्यायला आले होते. परतीची दोन तिकिटं काढूनच.

जळोची मला आवडली. एका बाजूला नव्या इमारती उठताहेत आणि त्यांच्या पायथ्याशी कोणीतरी निवांत गवार तोडतंय. नसीमाचं दुकान पुढे, घर मागे. दुकानात कापडाचा एक भलामोठा तागा कोपऱ्यात उभा होता. हिरव्यागार रंगावर पांढरे ठिपके. असल्या कापडाचा ड्रेस मी तर भातखाचरातल्या बुजगावण्यालाही घातला नसता, आणि तसं मी तिला म्हटलंही.

"कुणी घेतलाच न्हाय," नसीमा हसली. "म्हणून पिशव्या शिवल्या त्याच्या."

सना मात्र घरी नव्हती. आदल्या दिवशीच ती इंदापूरकडे गेली होती. तिचा मोबाईल फळीवर वाजत पडलेला. चुलत्याने मागच्या खेपेला तिच्या स्टेटसवरचा फोटो पाहून गाव ओळखलं होतं, तेव्हापासून ती फोन घरी ठेवूनच फिरते. काजलचा अर्ज शनिवारपर्यंत भरायचा होता, तिला सोबत घेऊन. आज बुधवार. तोवर सना आणि तिच्याबरोबर असलेली काजल, दोघी त्या माणसाच्या हाती लागता कामा नयेत आणि तो तर गावोगाव त्यांनाच शोधत फिरत होता. पोलिस ठाण्यातल्या एक बाई रोज फोन करून चौकशी करत, पण प्रत्येक गावाच्या वेशीवर त्या कशा उभ्या राहणार? नसीमा हे सांगताना मशीन चालवत होती, आणि शिवण तीनदा उसवली तिने.

"उद्या सकाळी भिगवणला उतर," ती म्हणाली. "त्याच बाजूला असंल ती. हा डबा दे तिला, धपाटे हायेत. आन् ऐक माधुरी, पिशवी हातातच ठिव. सॅकमधी कोंबू नको."

त्याच हिरव्या, ठिपक्यांच्या कापडाची पिशवी. मला वाटलं, चटणीचं तेल सांडेल म्हणून सांगतेय. एसटीत बसल्याबरोबर मी ती पिशवी डब्यासकट सॅकच्या तळाशी कोंबली. तेलासाठी वरून प्लास्टिकही गुंडाळलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन खिडकीबाहेर बघत बसले.

बारामती-भिगवण रस्ता उसाचा. उन्हाने सगळं भाजून निघालं असताना मध्येच हिरवा ऊस लागतो आणि डोळ्यांना बरं वाटतं. भिगवणला पाणी दिसलं तेव्हा मी कोकणातली असूनही जरा उभी राहिले. उजनी धरणाचा हा फुगवटा, म्हणजे मागे पसरलेलं पाणी. उथळ चिखलात रोहित पक्षी एका पायावर उभे होते. मला आपली शाळेच्या मैदानात शिक्षा झालेली मुलं आठवली.

रस्त्याकडेच्या एका खानावळीत जेवायला बसले. चालवणारी बाई पन्नाशीची, मोठं कुंकू, त्याहून मोठा आवाज. तिने चिलापीचं (गोड्या पाण्यातला मासा) कालवण वाढलं. मी सुरमई-पापलेट खाणारी, गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणतच नाही. तरी भुकेपोटी खाल्लं आणि मग तेवढ्यापुरतं नाक खाली केलं. दुसरी भाकरी मागून घेतली, यावरून काय ते समजा.

हात धुताना सहज विचारलं, "सना नावाची मुलगी येते का हो इकडे? मुलींच्या शाळेचं काम करते ती."

"सना?" बाईने कपाळाला आठी घातली. "कोण सना? आमच्यात तर न्हाय बा कुणी. बसा की, च्या घ्या. तुमी कुठल्या? कुणी धाडलं तुमाला?"

चहाबरोबर मी सगळं सांगितलं. दापोली, डी.एड., गुडघे, सून. बाई लक्ष देऊन ऐकत होती. इतकं मन लावून माझं वर्गातल्या मुलांनीही कधी ऐकलं नसेल. शेवटी म्हणाली, "डाळजला इचारून बघा. तितं लई कालिजाच्या पोरी येत्यात म्हनं."

डाळज हमरस्त्यावरचंच गाव. फाट्यावर किराणा दुकान, पुढे बाकड्यावर एक म्हातारे बसलेले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांनी मला बाकड्यावर जागा दिली, आतून चहा मागवला, आणि माझा प्रश्न ऐकून बराच वेळ मिशीवर हात फिरवला.

"व्हय, व्हय. आली हुती एक पोरगी. पर ती इंदापूरला गेली बघा. कालच."

"नक्की?"

"आता म्या काय खोटं बोलीन व्हय? ह्या वयात?" तात्या दुखावल्यासारखे बोलले. मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनीही माझं गाव, नाव, येण्याचं कारण इत्थंभूत विचारून घेतलं आणि मला इंदापूरच्या गाडीत बसवून दिलं.

इंदापूरच्या स्टँडसमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथली बाई म्हणाली की ती पोर तर सकाळीच बारामतीला परत गेली. रसात आलं-लिंबू घालून तिने दुसरा ग्लास आग्रहाने पाजला आणि मी कुठली, कोणाची, हे अगदी त्याच क्रमाने विचारलं. या तालुक्यात परक्या माणसाची किती आस्था, असं मनात आलं. त्याचबरोबर रागही येत होता. दोन चहा, दोन ग्लास रस आणि मुलीचा पत्ता नाही! कोणालाच कशी ती माहीत नाही? मग ही पोर काम करते कुठे, हवेत?

दुपार कलली होती. आता आलेच आहे तर परतताना पळसदेवचं जुनं देऊळ तरी बघून घ्यावं, असं ठरवलं. उजनीचं पाणी भरलेलं असलं की हे देऊळ बुडालेलं असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. फाट्यावरून चालत, घाम पुसत गेले आणि समोर पाहिलं. भेगाळलेल्या गाळाच्या मधोमध दगडी शिखर उभं, अंगावर शिंपल्यांचे थर, आणि आजूबाजूला कोळ्यांच्या होड्या उन्हात पालथ्या घातलेल्या. माणसाने बुडवलं, पाण्याने सांभाळलं.

जवळच एका कुडाच्या झोपडीपुढे एक म्हातारी जाळं दुरुस्त करत बसली होती. येणारेजाणारे तिला आक्का म्हणत. तिने मान वर करून मला नखशिखान्त पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तिथेच सावलीत टेकले. सना काही भेटत नाही, तर धपाटे वाया का घालवायचे, म्हणून सॅक उपसली आणि तळातून प्लास्टिक सोडवून ती हिरवी पिशवी बाहेर काढली.

आक्काचा हात थांबला.

"ओ बाई, ती पिशवी कुणाची?"

"माझ्या मैत्रिणीची. जळोचीची नसीमा."

"मंग आदी का न्हाय दावली?" आक्का एवढ्या मोठ्याने ओरडली की होडीवरचा बगळा उडाला. "सकाळधरनं समद्या तालुक्याला घोर लावलाय तुमी!" आणि मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि झोपडीकडे तोंड करून म्हणाली, "ये गं भाईर. तुझीच मावशी हाय ही!"

आतून सना आली. उजव्या मनगटाला पट्टी, चेहरा उन्हाने रापलेला, आणि हसू आवरत नव्हतं. तिच्यामागे दोन वेण्या घातलेली काजल. मी सनाला मिठी मारली आणि मग आधी रडले, नंतर रागावले. क्रम बरोबर आठवतो.

खरा प्रकार मग कळला. भिगवणच्या खानावळवालीने माझी पाठ वळताच डाळजला फोन केला होता: एक बाई सनाला हुडकत आलीय, गोरी, जाडी, लई बोलती, त्या चुलत्यानं धाडलेली असंल. तात्यांनी तीच खबर इंदापूरला आणि इथे आक्काला दिली. दिवसभर मी सनाला शोधत होते आणि अख्खा तालुका मला फिरवत होता.

सनाच्या माराची बातमी कळल्यावर गावागावांतल्या बायांनी आपसात ही रीत ठरवली होती. त्या कोणी मोठ्या बाया नव्हत्या. खानावळवाली, रसवाली, मासेवाली, अशाच. आणि तात्यांसारखे एकदोन भरवशाचे म्हातारे. सना एका गावातून निघाली की दोघीजणी तिला शिवेपर्यंत (गावाच्या हद्दीपर्यंत) सोबत करतात आणि पुढच्या गावच्या दोघींच्या हवाली करतात. कोणी तिचा पत्ता विचारला तर सांगायचा नाही, विचारणारा कितीही चांगला वाटो. पण त्याला हाकलायचंही नाही.

"हाकललं तर त्यो दुसरीकडं जाऊन इचारणार," आक्का म्हणाली. "च्या पाजला का बसतोय. बसला का बोलतोय. त्येचा च्या संपस्तवर समदं कळतं आमाला."

"आणि आपलं माणूस असेल तर?"

"त्येच्या हातात नसीमाची पिशवी असती. हातात, बाई. पिशवीच्या आत पिशवी न्हाय."

असलं भडक कापड बाजारात दुसऱ्या कोणाकडे असणं शक्यच नव्हतं. नसीमाचं गिऱ्हाईक न मिळालेलं कापड असं कामाला आलं होतं.

आक्काने चुलीवर पुन्हा चिलापीच शिजवली. मी खळखळ न करता जेवले. जेवताना मूळ विषय काढला. "सना, चल माझ्याबरोबर. तिकीट काढलंय. लपूनछपून किती दिवस राहशील?"

"मी लपत न्हाय मावशी," ती शांतपणे म्हणाली. "मी फिरतीय. लपायचं असतं तर घरात बसले असते, ते सोपं होतं."

"आणि परत काही झालं तर?"

ती पट्टीच्या कडेशी चाळा करत राहिली. "भीती वाटती. मागनं गाडी आली तरी दचकते. पण मी गेले तर काजलला शनिवारी कोण नेणार? आन् पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरीला?" मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "मावशी, येताना कुणाकुणाला सांगितलंत, मला भेटायला चाललाय म्हणून?"

मला पुण्याच्या गाडीतल्या बाई आठवल्या. मी खरं सांगितलं आणि वर्गात पोरं उभी राहतात तशी खाली मान घालून बसले. सना रागावली नाही. फक्त म्हणाली, "बोलायला काजलचा चुलताही लय गोड हाय. डाव्या भुवईत खाच हाय त्याच्या, तेवढं ध्यानात ठेवा."

मग मी काजलकडे वळले. मी विचारलं, "काय घेणार तू अकरावीला?"

"सायन्स." मग देवळाकडे बोट करून, "बाई, ते दगड एवढी वर्षं पाण्यात राहून पडत कसे न्हाईत? ते कुठल्या विषयात असतं?"

दुसरं तिकीट मी तिथेच मनातल्या मनात फाडलं.

ऊन उतरल्यावर दोन बायांनी मला फाट्यापर्यंत पोचवलं. भिगवणच्या गाडीत खिडकी मिळाली. गाडी सुटता सुटता एक चाळिशीचा माणूस चढला आणि शेजारी बसला. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली. "घ्या ताई, ऊन लई हाय," म्हणाला. मी वळून पाहिलं. डाव्या भुवईत खाच होती.

मी हिरवी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"देऊळ बघाया आलता व्हय? छान. तितं एक कालिजची पोरगी दिसली का, हाताला पट्टी? संगं आमची पुतणी हाय. पोर नादाला लागलीय हो, घरी आई रडतीय."

आयुष्यभर मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारल्या. पण त्या क्षणी मला आक्का आठवली. याला हाकलायचं नाही.

"अगंबाई, त्या का?" मी म्हटलं. "दिसल्या ना! पण तुम्ही कुठले? घरी कोण कोण असतं?" आणि मग मी जी सुटले ती सुटलेच. दोघी दुपारी निळ्या होडीतून पलीकडे गेल्या, करमाळ्याच्या बाजूला. होडीवाला तोतरा होता. पट्टीवालीला पाण्याची भीती वाटत होती. धाकटीची चप्पल चिखलात रुतली ती मीच काढून दिली. तिकडे म्हणे कोणा मैत्रिणीकडे चार दिवस राहणार. मध्ये मी त्याला माझे गुडघेही सांगितले. एवढी बडबड करणारी बाई खोटं बोलत असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

"मंग टेंभुर्णीवरनं वळसा घालून जावं लागंल," तो पुटपुटला आणि डाळजच्या फाट्यावर घाईघाईने उतरून उलट दिशेच्या गाडीकडे पळाला. तात्या बाकड्यावरच होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला.

गाडी हलली. तेवढ्यात पलीकडच्या सीटवरची बाई उठून माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या मांडीवर तसलीच हिरवी, ठिपक्यांची पिशवी होती. तिने त्यातून मूठभर भाजल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत ओतल्या. भिगवण येईपर्यंत आम्ही दोघी शेंगा सोलत राहिलो.

जळोचीला पोचल्यावर मी नसीमाला फैलावर घेतलं. पिशवीची खूण मला आधी का नाही सांगितली?

"सांगितली असती तर अख्ख्या यष्टीला कळली असती," ती म्हणाली. दुसरं तिकीट तिच्यासमोर रद्द केलं, तेव्हा तिने मशीन थांबवून माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शनिवारी मी दापोलीला अंगणात बसले होते तेव्हा तिचा निरोप आला. अर्ज भरला. सायन्स.

आता वाचकहो, एक कबुली. बुडालेलं देऊळ पळसदेवलाच आहे, ते जरूर बघा. पण सना मला तिथे भेटलेली नाही. आक्काची झोपडी दुसऱ्याच गावात आहे, तात्यांचं बाकडं डाळजला नाही, सना आणि काजल ही नावंही खरी नाहीत, आणि पिशवीवर ठिपके होते की चौकटी, तेही मी सांगणार नाही. ते गाव कुठलं, असं विचारायला कोणी दापोलीपर्यंत आलंच तर अवश्य या. अंगणात बसा, चहा देते, सुरमई तळते, तुम्ही कुठले, कोणाचे, ते सावकाश सांगा. पत्ता मात्र मला माहीत नाही.